फाईल माळ्यावर ठेवून काय होणार ताई?

पत्र मिरजेहून आलंय, एका आईचं. बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत, साध्याच मराठी शाळेत. साडेचार वर्षांचा असताना ऑटिझमचं (म्हणजे मेंदू जन्मापासूनच जरा वेगळ्या पद्धतीने काम करतो त्याचं) निदान झालं, मग स्पीच थेरपी, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सगळं केलं, आता बोलतो छान आणि वाचतो तर हातात येईल ते. पण हे निदान त्याला स्वतःला कधीच सांगितलेलं नाही, रिपोर्टची फाईल माळ्यावर पिठाच्या डब्यामागे ठेवलीये. शाळेत बाई म्हणतात किती शहाणा आहे, आणि घरी आला की दप्तर फेकून आरडाओरडा, कधी डोकं भिंतीवर आपटणं. काय झालं विचारलं तर उत्तर एकच, माहीत नाही. मध्यंतरी रात्री झोपताना त्याने विचारलं, "आई, मी येडा आहे का?" आई म्हणाली नाही रे राजा, तू एकदम नॉर्मल आहेस, आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. नवऱ्याचं म्हणणं कशाला पोराला लेबल लावायचं, सासूबाईंचं म्हणणं बाहेर कळलं तर उद्या लग्नाला अडचण. विचारलंय की त्याला सांगायचं का, आणि स्वतःला काय होतंय हे त्याला कळायला शिकवायचं कसं. खाली ताजा कलम आहे गणपतीच्या मिरवणुकीबद्दल.

ताई, पत्रात तुम्ही त्याचं खरं नाव लिहिलंय, ते इथे नको, आपण त्याला सोहम म्हणूया. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते, सांगा. घरच्यांना विश्वासात घेऊन सांगा पण सांगा, आणि दहावीनंतर बघू असं करू नका. जो मुलगा अंधारात 'मी येडा आहे का' विचारतो त्याला आपण वेगळे आहोत हे कळून बराच काळ झालेला असतो, फक्त त्या वेगळेपणाचं नाव त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही नाव दिलं नाही तर वर्ग देतो, आणि सोहमच्या वर्गाने ते दिलेलंच आहे.

तू नॉर्मल आहेस हे तुम्ही प्रेमानेच म्हणालात, पण जरा त्याच्या बाजूने बघा, की मी जर नॉर्मल आहे तर मग मिक्सरचा आवाज मलाच का टोचतो, पीटीच्या तासाला टीम पाडताना मीच शेवटी का उरतो, जोक झाला की सगळे हसतात आणि मला तो दोन मिनिटांनी कळतो किंवा कळतच नाही, म्हणजे मीच कुठेतरी कमी पडतोय, मीच नीट प्रयत्न करत नाहीये. अकरा वर्षांचं पोर हा हिशोब बरोबर करतं. मोठेपणी निदान झालेली ऑटिस्टिक माणसं स्वतःबद्दल लिहितात तेव्हा हीच गोष्ट परत परत येते, की इतकी वर्षं मी स्वतःला आळशी नाहीतर वाईट समजत होतो. विद्यापीठात शिकणाऱ्या ७८ ऑटिस्टिक विद्यार्थ्यांचा एक अभ्यास अलीकडे झालाय, त्यात ज्यांना लहान वयात कळलं होतं त्यांनी मोठेपणी आपलं आयुष्य जास्त बरं चाललंय असं सांगितलं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून अमुक केलं की तमुक होतंच असं कुणी म्हणू नये, पण 'सांगितल्याने पोर खचेल' या भीतीला त्यातून काही आधार मिळत नाही एवढं नक्की.

आणि अजून एक व्यवहाराची गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता धरल्यात त्यात ऑटिझम आहे, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती हव्या असतील तर प्रमाणपत्र लागणार, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढणार, आणि त्या कार्डावर छापलेलं असतं काय आहे ते. तुमचा मुलगा फरसाणच्या पाकिटावरचा बॅच नंबरसुद्धा वाचतो असं तुम्हीच लिहिलंय. तो ते कार्ड वाचणार नाही का? त्याआधी माळ्यावरची फाईल वाचेल. मग हे सगळं त्याला तुमच्या तोंडून कळलेलं बरं की पिठाच्या डब्यामागून?

आता सांगायचं कसं. घरच्या सगळ्यांनी हॉलमध्ये बसून, आजीने डोळ्याला पदर लावून, बाबांनी घसा खाकरून, असला सोहळा अजिबात नको. डॉक्टरांकडे नको, डोकं आपटलेल्या दिवशी तर नकोच. एखादा साधा रविवार बघा, तो त्याच्या रेल्वेगाड्यांच्या वहीत काहीतरी लिहीत असेल तेव्हा शेजारी बसा, समोरासमोर नाही, शेजारी, म्हणजे त्याला तुमच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही. आणि त्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टींपासून सुरू करा. म्हणजे असं काहीतरी, "सोहम, तुला गाडीचा नंबर एकदा वाचला की पाठ होतो, मला दहा वेळा वाचूनपण होत नाही. आणि मिक्सर लावला की मला काही होत नाही, तुला कान दाबावे लागतात. या दोन्ही गोष्टी तुझा मेंदू ज्या पद्धतीने काम करतो त्याच्यामुळे होतात. त्या पद्धतीला ऑटिझम म्हणतात, असे मेंदू खूप जणांचे असतात. तू मला विचारलं होतंस ना येडा आहे का, तर नाही, तू ऑटिस्टिक आहेस, येडा ही शिवी आहे." बस एवढंच. मग गप्प बसायचं. तो कदाचित म्हणेल 'बरं' आणि लगेच महालक्ष्मी एक्स्प्रेसला किती डबे असतात ते सांगायला लागेल. लागू दे. ऐकलंच नाही असं समजू नका, चार दिवसांनी पोळी खाताना एकदम विचारेल की हे मोठा झाल्यावर जातं का. तेव्हा खरं सांगायचं, जात नाही, पण तुला काय जमतं, काय त्रास देतं आणि त्रास झाला की काय करायचं हे तुला कळत जातं, मग सोपं होतं.

हल्ली सुपरपॉवर वगैरे म्हणायची फॅशन आलीये, ते टाळा असं माझं मत. पोराला गर्दीत उलटी येते आणि आपण सांगतोय की ही तुझी सुपरपॉवर, त्याला आपण खोटं बोलतोय हे कळतं. आजार पण म्हणू नका, कारण आजार म्हटलं की तो बरा कधी होणार हे विचारणार, आणि सासूबाई कुठल्यातरी बाबाचा अंगारा घेऊन येणार. वर्गात कुणाला सांगायचं हे मात्र सोहमने ठरवायचं, ती माहिती त्याची आहे. बाईंना सांगावं लागेल, तेही त्याला विचारून.

यजमानांबद्दल दोन शब्द. तुम्ही लिहिलंय की त्यांना भाताला भाजीचा रस्सा लागलेला चालत नाही, लग्नकार्यात ते जेवून गाडीत जाऊन बसतात, आणि बनियनचं लेबल दुकानातून आणल्या आणल्या कात्रीने कापतात. मी इथे बसून कुणाचं निदान करत नाही, तो माझा अधिकार नाही, पण ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय आणि हे गुण घराघरांत थोडे थोडे सांडलेले असतात. त्यांनी नुसतं एवढं म्हणावं पोराला, की मलापण लग्नातला बँड सहन होत नाही रे, मी काय करतो माहितीये का, गाडीत जाऊन बसतो. या एका वाक्याने जे होईल ते माझ्या चार लेखांनी होणार नाही. आणि तुम्ही 'माझं काही चुकलं का' विचारलंय, तर नाही. आईच्या कोरडेपणामुळे मुलं अशी होतात असं पन्नास-साठच्या दशकात मोठमोठे डॉक्टर म्हणायचे, ते साफ खोटं निघालं, तो विषय संपलेला आहे.

सासूबाईंना सांगायला एक गोष्ट देते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमवर जो पहिला मोठा लेख लिहिला त्यात अकरा मुलं होती, त्यातलं पहिलं नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. हा माणूस मिसिसिपीतल्या आपल्या छोट्या गावात बँकेत नोकरी करून राहिला, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, एकटा देशोदेशी फिरून आला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. लग्न नाही केलं हे खरं, सासूबाई ते पकडतीलच. पण घरचं पाठबळ होतं आणि गावाला तो कसा आहे हे माहीत होतं, गावाने तसाच त्याला घेतला, लपवून ठेवला असता तर हे झालं नसतं.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरी मेहनत इथे आहे. काय झालं, कसं वाटतंय, का रडतोयस, हे प्रश्न बंद करा. तो 'माहीत नाही' म्हणतो तेव्हा टाळत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. ऑटिस्टिक माणसांमध्ये साधारण निम्म्या जणांना आपल्या आत चाललेली भावना ओळखून तिला शब्द देणं अवघड जातं, त्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. भावना नसतात असं नाही, उलट धो धो असतात, पण राग आहे की भीती आहे की नुसती भूक लागलीये हे वेगळं करता येत नाही. तुम्ही लिहिलंय की तो खेळताना सू-सू अगदी शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवतो आणि जेवायला हाक मारल्याशिवाय भूक लागली असं म्हणत नाही, ते याच्यातलंच आहे, शरीर आतून जे निरोप पाठवतं ते त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचतात नाहीतर एकदम ओरडत पोहोचतात.

म्हणून सुरुवात भावनेच्या नावापासून नको, शरीरापासून करा. जिना पळत चढून आला की हात छातीवर ठेवायला सांगा, धडधडतंय का, हळू की जोरात. आंघोळीच्या वेळी पाणी खांद्याला कसं लागतंय, गार झालेले हात कसे वाटतात. तो शांत असतानाच हे करायचं, खेळ म्हणून, रोज दोन मिनिटं, शिकवणी करायची नाही. आणि तुम्ही स्वतःचं मोठ्याने बोला, यातून सगळ्यात जास्त शिकतात पोरं, "गॅस संपला आत्ताच, माझा जबडा बघ कसा आवळलाय, मी चिडलेय वाटतं, पाणी पिते आणि मग सिलेंडरवाल्याला फोन करते." आपल्याकडे आई चिडली की भांडी आदळते, ती कधी सांगत नाही की मी चिडलेय, मग पोराला कळायचं कुठून.

भावनांचे चेहरे असलेला तक्ता मिळतो बाजारात, हसरा, रडका, रागीट, तो तुम्ही आणून लावलात आणि सोहमने बघितलासुद्धा नाही. बरोबर आहे, त्याचा त्याच्याशी काय संबंध. त्याला रेल्वे आवडते ना, मग सिग्नल घ्या. रेल्वेचा सिग्नल रस्त्यावरच्यासारखा तीन रंगांचा नसतो, चार तऱ्हेचा असतो, हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा आणि लाल, हे तो तुम्हालाच समजावून सांगेल, सांगू द्या. मग त्याला विचारा की लाल दिसेपर्यंत ड्रायव्हर वाट का बघत नाही, दोन पिवळे आधीच का दाखवतात. तो सांगेल की एवढी मोठी गाडी एकदम थांबत नाही, आधीपासून वेग कमी करावा लागतो. इथे त्याला म्हणायचं, तुझंपण तसंच आहे. तुझा लाल एकदम लागत नाही, त्याच्या आधी दोन पिवळे लागलेले असतात, ते आपण दोघं मिळून शोधूया.

सोहमचे दोन पिवळे कुठले ते तुम्हीच पत्रात लिहून गेलाय, तुमच्या लक्षात आलं नसेल. तुम्ही म्हणता की मोठा गोंधळ व्हायच्या आधी तो स्टेशनांची नावं घोकायला लागतो आणि शर्टाची कॉलर तोंडात घेतो. सासूबाई तेव्हा म्हणतात काय ते चघळतोस, काढ. तर ते काढायला लावायचं नाही ताई, तेच त्याचं ब्रेक लावणं आहे. तुम्ही तेव्हा जवळ जाऊन हळू म्हणायचं, कॉलर तोंडात आहे, दोन पिवळे असतील का? आणि तो नाही म्हणाला तर वाद नाही. दोन पिवळ्यांना काय करायचं हे त्याने आधीच वहीत लिहून ठेवलेलं असावं, त्याच्या अक्षरात: गॅलरीत जाणं, कानाला हेडफोन, पाण्याची भरलेली बादली उचलून न्हाणीत नेऊन ठेवणं, गाद्यांची चळत जोर लावून ढकलणं (अंगाला असा जोर लागला की बऱ्याच मुलांना बरं वाटतं, तुमच्या ओटीच्या मॅडमनी दाखवलं असेल). एक पिवळा म्हणजे बोलणं कमी, फक्त हो-नाही, पंख्याशिवाय सगळं बंद. आणि लाल लागला की शिकवणं बंद, प्रश्न बंद, आजी-काका सगळे खोलीबाहेर, डोक्यामागे उशी सरकवायची आणि थांबायचं. नंतर तासाभराने लेक्चर द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त एवढं, काल पिवळा कुठे लागला होता रे, शाळेत की रिक्षात?

हा सिग्नल घरातल्या सगळ्यांसाठी लावायचा. फ्रिजवर चार चुंबकं, आईचा सिग्नल, बाबांचा, आजीचा पण. नुसता सोहमचाच असेल तर तो त्याच्यासाठी अजून एक तपासणी होऊन बसेल. आणि 'बघ हं, पिवळा झालास, आता टीव्ही बंद' असं कुणी म्हटलं की सगळं मुसळ केरात, परत तो तुम्हाला काही सांगणार नाही. हिरव्याला बक्षीसपण देऊ नका. बक्षिसासाठी पोरं खोटा हिरवा लावतात, आणि खोटा हिरवा लावून लावूनच तो दमलाय.

शाळेत शहाणा आणि घरी स्फोट याचं कारण हेच आहे. बाईंना खोटं वाटतं, सासूबाईंना वाटतं आईचे लाड, पण तो साडेपाच तास हात फडफडवणं दाबून, कान न झाकता, सगळे हसले की हसून, नीट बसलेला असतो. याला मास्किंग म्हणतात आणि वर्षानुवर्षं हे करणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त दिसतं. घरी तो कोसळतो कारण घरी कोसळता येतं. म्हणून शाळेतून आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास काही विचारू नका, डबा का उरला हेसुद्धा नाही. खाणं ठेवायचं, खोली मोकळी ठेवायची. आणि लगेच साडेपाचला जी शिकवणी लावलीये ती बंद करा किंवा रविवारवर न्या, गणितात चार मार्क कमी पडले तरी चालतील. थेरपीत अजूनही 'डोळ्यात बघून बोल' हे चालू असेल तर मॅडमना स्पष्ट सांगा की ते नको, त्याऐवजी 'मला ब्रेक हवाय' हे सांगायला शिकवा. शाळेत बाईंशी बोलून एक छोटं कार्ड ठरवा, ते बाकावर ठेवलं की त्याने न बोलता पाणी प्यायला जायचं. एवढं बहुतेक शाळा करतात, प्रेमाने मागितलं तर.

नणंदबाई म्हणाल्या की याला दुसऱ्याचं दुःख कळतच नाही. त्यांना सांगा की डॅमियन मिल्टन नावाच्या संशोधकाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये मांडलं की ही न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते, त्याला आपण कळत नाही तसं आपल्यालाही तो कळत नाही, फक्त दोष एकट्यालाच दिला जातो. आजी पडली तेव्हा तो रडला नाही, पण आयोडेक्स आणून ठेवलं आणि आठवडाभर रोज सकाळी विचारलं की दुखणं दहापैकी किती. अजून काय करायला हवं होतं त्याने?

तुम्ही विचारलंय की मिक्सर चालत नाही मग इंजिनाचा हॉर्न कसा चालतो, म्हणजे नाटक तर नाही ना. नाटक नाही. स्टेशनवर तो स्वतःहून गेलेला असतो, गाडी कधी येणार माहीत असतं, हॉर्न कधी वाजणार याचा अंदाज असतो. मिक्सर अचानक लागतो. आजपासून लावण्याआधी 'मिक्सर, पंधरा सेकंद' एवढं ओरडून सांगा आणि फरक बघा.

आता काळजीचं थोडं. डोकं आपटणं एकाएकी वाढलं तर आधी दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासून घ्या, ही मुलं दुखतंय हे सांगत नाहीत. झोप उडाली, आवडीच्या गाड्यांमधूनही मन उडालं, किंवा 'मी नसलो तर बरं' असं काही बोलला तर सिग्नल वगैरे बाजूला ठेवून सरळ मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. खाजगी थेरपीचा खर्च झेपत नाहीये असं लिहिलंय, तर सांगलीच्या सरकारी रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारा विभाग, त्याची चौकशी करा, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो सरकारी कार्यक्रम आहे.

राहिली मिरवणूक. तुमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर, ढोल-ताशे, स्पीकर पहाटेपर्यंत, दरवर्षी तो पलंगाखाली. या वर्षी आठ दिवस आधी त्याला कागद देऊन विचारा की त्या दिवशी कुठे राहायचंय, आणि तीन पर्याय तुम्ही द्या: मागच्या खोलीत हेडफोन लावून, मामाच्या गावी, किंवा फक्त पहिला गणपती गॅलरीतून बघायचा आणि मग निघायचं. आरतीला त्याने टाळ वाजवलाच पाहिजे असा नियम आजींनी केलाय तो या वर्षी मोडा, तो प्रसाद वाटेल, मोजून वाटेल, कुणाला दोनदा जाणार नाही. आणि तो मामाकडे म्हणाला तर बाबांना बरोबर पाठवा, मला वाटतं ते एका पायावर तयार होतील.